स्टोअर्ड प्रोसिजरमधील कंपायलेशन त्रुटी व त्यांचे निवारण : कासारवाडी परिसरातील जॉबवर्क चलनाच्या संदर्भात

प्रास्ताविक

जुन्या पुणे-मुंबई महामार्गावरून नाशिककडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, तो नाशिक फाटा कासारवाडीत आहे. एका बाजूस पुणे-लोणावळा लोहमार्गावरील स्थानक, दुसऱ्या बाजूस भोसरीची औद्योगिक वसाहत, महामार्गाने पुढे पिंपरी-चिंचवड आणि नाशिक रस्त्याने चाकण, अशी या गावाची भौगोलिक स्थिती आहे. या पट्ट्यातील वाहन उद्योगाचे वैशिष्ट्य असे की, एखादा सुटा भाग एकाच छपराखाली क्वचितच पूर्ण होतो. ओतकाम एका ठिकाणी, टर्निंग दुसऱ्या गाळ्यात, उष्णता-प्रक्रिया तिसरीकडे आणि प्लेटिंग चौथ्या ठिकाणी होऊन तो भाग पुन्हा मूळ कारखान्याच्या फाटकाशी येतो. या प्रत्येक हालचालीसोबत एक कागद असावाच लागतो. तो कागद म्हणजे जॉबवर्कचे चलन होय.

पूर्वी हे चलन कार्बन लावलेल्या पुस्तकात हाताने लिहिले जात असे. संगणकीकरणानंतर ते छापून निघू लागले आणि ते छापण्यामागील हिशेब डेटाबेसमध्ये साठविलेल्या आज्ञावलीकडे, म्हणजेच स्टोअर्ड प्रोसिजरकडे, सोपविला गेला. ही प्रोसिजर कंपाइल होईनाशी झाली तर चलन निघत नाही, चलन नसेल तर फाटकावरील सुरक्षारक्षक गाडी सोडत नाही, आणि गाडी न पोहोचल्यास पुढील गाळ्यातील यंत्र मोकळे राहते. म्हणूनच वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटणाऱ्या या विषयाचा विचार येथे चलनाच्या अंगाने केला आहे. विवेचनासाठी घेतलेला कारखाना व त्यातील टेबले काल्पनिक आहेत. त्यांची नावे सोयीसाठी मराठीत दिली आहेत. कायदेविषयक तरतुदी आणि डेटाबेस प्रणालींचे वर्तन मात्र वास्तव आहे.

चलनामागील प्रोसिजर

या परिसरातील जुन्या लेखापालांच्या तोंडी आजही 'सत्तावन एफ चार' हा शब्दप्रयोग ऐकू येतो. केंद्रीय अबकारी नियमांतील ५७ एफ (४) या नियमान्वये जॉबवर्कसाठी माल शुल्क न भरता बाहेर पाठविता येत असे. पुढे सेनव्हॅट क्रेडिट नियमांतील ४ (५) (ए) हा नियम त्याच्या जागी आला. त्यानुसार पाठविलेला कच्चा माल १८० दिवसांत परत येणे आवश्यक होते. न आल्यास घेतलेल्या क्रेडिटइतकी रक्कम भरावी लागे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ही तरतूद नव्या कायद्याच्या कलम १४३ मध्ये गेली. मुदतही बदलली : कच्च्या मालासाठी एक वर्ष, भांडवली वस्तूंसाठी तीन वर्षे, साचे, डाय, जिग, फिक्श्चर आणि हत्यारे यांना ही मुदत लागू नाही. मुदतीत माल परत न आल्यास तो पाठविल्या दिवशीच पुरविला गेला असे मानले जाते, व त्यानुसार कर देय होतो.

आता असे समजू की, कासारवाडीतील एका मध्यम कारखान्यात ओरॅकल डेटाबेस आहे. त्यात 'पुरवठादार', 'चलन' आणि 'चलन_तपशील' अशी तीन टेबले आहेत. 'चलन_तयार' नावाची प्रोसिजर पुरवठादाराची माहिती वाचते, चलनाचा क्रमांक देते, तपशिलाच्या ओळी भरते आणि माल परत येण्याची अंतिम तारीख काढते. पुरवठादार टेबलात 'ईसीसी_क्रमांक' हा अबकारी नोंदणीचा कॉलम आहे. वस्तू व सेवा कर आल्यावर तेथे जीएसटीआयएन नोंदवायचा आहे. योगायोग असा की, हे दोन्ही क्रमांक १५ चिन्हांचे आहेत. तेव्हा नवा कॉलम न काढता जुन्याचेच नाव बदलावे, असा सोपा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. भोसरी-पिंपरी भागातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्यामुळे असे बदल बहुधा गुरुवारी केले जातात आणि त्यांचे परिणाम शुक्रवारच्या पहिल्या पाळीला दिसतात. कॉलमचे नाव गुरुवारी बदलले आणि शुक्रवारी 'चलन_तयार' अवैध झाली, येथून प्रस्तुत चर्चेस आरंभ होतो.

कंपायलर नेमके काय तपासतो

ओरॅकलची पीएल/एसक्यूएल ही भाषा १९८८ च्या सहाव्या आवृत्तीसोबत आली आणि डेटाबेसमध्येच साठविता येणाऱ्या प्रोसिजर १९९२ च्या सातव्या आवृत्तीत आल्या. या भाषेची घडण एडा या भाषेवरून घेतलेली आहे. घोषणा आधी आणि कृती नंतर ही तिची शिस्त, तसेच प्रत्येक नावाचा प्रकार आधीच निश्चित असावा हा तिचा आग्रह, दोन्ही एडाकडून आले आहेत. प्रोसिजर कंपाइल करताना प्रथम तिची वाक्यरचना पाहिली जाते : अर्धविराम, कंस, 'बिगिन' व 'एंड' यांच्या जोड्या. त्यानंतर प्रत्येक नावाचा अर्थ लावला जातो. हे टेबल अस्तित्वात आहे काय, त्यात हा कॉलम आहे काय, प्रोसिजरच्या मालकास तो पाहण्याचा अधिकार आहे काय, ज्या दुसऱ्या प्रोसिजरला हाक मारली तिला तितकीच व त्याच प्रकारची मूल्ये हवी आहेत काय, अशी ही तपासणी असते. ती पूर्ण झाल्यावरच चालविता येण्याजोगे रूप तयार होते.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. वाक्यरचनेची चूक प्रोसिजरच्या मजकुरात असते. अर्थाची चूक मात्र पुष्कळदा मजकुराबाहेर असते. काल सुरळीत कंपाइल झालेली प्रोसिजर, तिच्यातील एक अक्षरही न बदलता, आज नापास होऊ शकते. कारण बदल टेबलात झाला, अधिकारात झाला किंवा दुसऱ्या प्रोसिजरमध्ये झाला. त्रुटी शोधणारी व्यक्ती प्रोसिजरच्या मजकुराकडे टक लावून बसते आणि तासभर हाती काही लागत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून पहिला प्रश्न 'या ओळीत काय चुकले' हा नसून 'काल आणि आज यांच्यामध्ये काय बदलले' हा असावा.

ओरॅकलची आणखी एक पद्धत नवख्यास चकवते. त्रुटी असली तरी प्रोसिजर नाकारली जात नाही. ती अवैध अशी खूण लावून साठविली जाते, आणि पडद्यावर कंपायलेशन त्रुटींसह प्रोसिजर निर्माण झाल्याचा इशारा उमटतो. तो केवळ इशारा असतो. एसक्यूएल-प्लसमध्ये 'व्हेनेव्हर एसक्यूएलएरर' ही आज्ञा देऊन त्रुटी येताच काम थांबावे अशी व्यवस्था केली असली, तरी या इशाऱ्यावर ती थांबत नाही. चाळीस प्रोसिजरची एकत्रित फाइल चालविली आणि सतरावी नापास झाली, तर तो इशारा पुढील ओळींबरोबर वर सरकून दिसेनासा होतो. फाइल शेवटपर्यंत गेली म्हणजे सर्व काही झाले, हा समज त्यातून निर्माण होतो.

संदेशाचे वाचन

त्रुटींची यादी 'शो एरर्स' या आज्ञेने किंवा 'युजर_एरर्स' या व्ह्यूमधून मिळते. प्रत्येक नोंदीत ओळ क्रमांक, त्या ओळीतील स्थान आणि संदेश असतो. हा ओळ क्रमांक फाइलमधील नसतो. प्रोसिजरच्या शीर्षकापासून मोजणी सुरू होते. फाइलच्या आरंभी कारखान्याचे नाव, तारीख, बदलांचा इतिहास अशा वीस ओळींची टिप्पणी असेल, तर संदेशातील १५ वी ओळ फाइलमधील ३५ वी असते. संपादकात १५ वी ओळ उघडून 'येथे तर काहीच चूक नाही' असे म्हणणारे अनेक असतात. याला खात्रीचा उपाय म्हणजे 'युजर_सोर्स' या व्ह्यूमधून साठविलेला मजकूरच ओळ क्रमांकासह पाहणे. डेटाबेसने जे वाचले तेच तेथे दिसते. फाइल जुनी व डेटाबेसमधील प्रोसिजर नवी असल्यास तेही त्याच वेळी उघड होते.

उपरोक्त उदाहरणात यादी साधारणतः अशी दिसेल. १४ व्या ओळीवर 'एसक्यूएल विधान दुर्लक्षिले' या अर्थाचा संदेश. १५ व्या ओळीवर ओआरए-००९०४, म्हणजे 'ईसीसी_क्रमांक' हे नाव अवैध असल्याचा संदेश. त्यानंतर २२, २३ व २७ या ओळींवर पीएलएस-००३६४, म्हणजे लूपमधील चल वापरण्याजोगा नसल्याचे संदेश, आणि त्यांच्या सोबतीस पुन्हा 'विधान दुर्लक्षिले'. एकूण आठ-नऊ नोंदी होतात. प्रत्यक्षात चूक एकच आहे. पुरवठादाराची माहिती आणणारी क्वेरी नापास झाली, त्यामुळे त्या क्वेरीवर चालणाऱ्या लूपचा चल अर्थहीन ठरला, आणि त्या चलाचा जेथे जेथे उल्लेख आहे तेथे तेथे तक्रार उमटली. 'दुर्लक्षिले' हा संदेश तर स्वतंत्र त्रुटीच नव्हे. पुढील अथवा मागील खऱ्या त्रुटीमुळे कोणते विधान सोडून दिले, एवढेच तो सांगतो. तेव्हा 'दुर्लक्षिले' वगळून पहिला खरा संदेश शोधावा, तेवढाच दुरुस्त करावा आणि पुन्हा कंपाइल करावे. खालच्या ओळींना हात लावू नये. एकाच बैठकीत सर्व आठ संदेश मिटविण्याच्या उत्साहात निर्दोष ओळी बिघडविल्या जातात.

वाक्यरचनेच्या त्रुटीत स्थान आणखी फसवे असते. पीएलएस-००१०३ हा संदेश 'अमुक चिन्ह भेटले, अपेक्षा तमुकची होती' असे सांगतो आणि अपेक्षितांची लांबलचक यादी देतो. कंपायलर जेथे अडखळला ते स्थान त्यात असते. खड्डा त्यापूर्वी असतो. १९ व्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला असेल, तर कंपायलर विधान पुढे चालू आहे असे समजून २० व्या ओळीच्या पहिल्या शब्दावर थांबतो. 'एंड इफ' राहिले असेल, तर तो थेट प्रोसिजरच्या शेवटाशी जाऊन फाइल अकाली संपल्याची तक्रार करतो, आणि तेव्हा शेवटच्या ओळीत शोधून काहीच सापडत नाही. अशा वेळी मधला अर्धा भाग टिप्पणीत टाकून उरलेला कंपाइल करून पाहणे, त्रुटी राहिल्यास उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करणे, हा जुना उपाय अजूनही सर्वांत जलद आहे.

आणखी दोन क्षुल्लक, परंतु नित्य भेटणाऱ्या गोष्टी येथेच नोंदविणे योग्य ठरेल. वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून ई-मेलने आलेल्या मजकुरातील सरळ अवतरणचिन्हे वळणदार झालेली असतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, कंपायलर मात्र अवैध चिन्ह म्हणून अडतो. दुसरी गोष्ट 'अँड' या अर्थाच्या चिन्हाची. पुरवठादाराच्या नावात 'अँड सन्स' असेल आणि ते चिन्ह प्रोसिजरमधील एखाद्या मजकुरात आले, तर एसक्यूएल-प्लस त्यास बदलते मूल्य समजून वापरणाऱ्याकडे किंमत मागतो. रात्री आपोआप चालणाऱ्या फाइलीत ती किंमत देणारे कोणी नसते. 'सेट डिफाइन ऑफ' या आज्ञेने हा प्रश्न सुटतो.

नाव आहे, परंतु अधिकार नाही

त्रुटींच्या सर्व प्रकारांत सर्वाधिक वेळ खाणारा प्रकार अधिकाराचा होय. प्रोसिजर लिहिणारा आज्ञेच्या पडद्यावर 'पुरवठादार' टेबलातील नोंदी वाचून पाहतो. नोंदी दिसतात. तीच क्वेरी प्रोसिजरमध्ये ठेवताच ओआरए-००९४२, म्हणजे टेबल वा व्ह्यू अस्तित्वात नाही, असा संदेश येतो. दुसऱ्याच्या मालकीच्या प्रोसिजरला हाक मारली असेल तर पीएलएस-००२०१, म्हणजे नाव घोषित नाही, असा संदेश येतो. टेबल समोर दिसत असताना ते नाही असे डेटाबेस म्हणतो, तेव्हा दोष डेटाबेसचा आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

याचे कारण असे. ओरॅकलमध्ये अधिकार दोन मार्गांनी मिळतो : थेट व्यक्तीस, किंवा रोलच्या द्वारे. भांडार विभागातील सर्वांना एक रोल आणि लेखा विभागातील सर्वांना दुसरा, अशी व्यवस्था सोयीची असते. परंतु रोल हा सत्रापुरता चालू अथवा बंद करता येतो, आणि साठविलेली प्रोसिजर तर कोणत्याही सत्राबाहेर टिकणारी वस्तू आहे. म्हणून तिच्या कंपायलेशनच्या वेळी रोलमधून मिळालेले अधिकार हिशेबात धरले जात नाहीत. फक्त थेट दिलेले अधिकार पाहिले जातात. ज्यास पाहण्याचा अधिकार नाही त्यास वस्तूचे अस्तित्वही सांगू नये, या सुरक्षेच्या तत्त्वामुळे संदेश 'अधिकार नाही' असा न येता 'वस्तूच नाही' असा येतो. तत्त्व योग्य आहे. त्याची किंमत मात्र निदान करणाऱ्यास मोजावी लागते.

हे ओळखण्याची सोपी कसोटी उपलब्ध आहे. आज्ञेच्या पडद्यावर 'सेट रोल नन' असे देऊन सर्व रोल बंद करावेत आणि तीच क्वेरी पुन्हा चालवावी. आता तेथेही टेबल नाहीसे झाले, तर कारण निश्चित झाले. टेबलाच्या मालकाने प्रोसिजरच्या मालकास त्या टेबलापुरता थेट अधिकार द्यावा, हा त्यावरील उपाय होय. घाईत असलेले काही जण कोणतेही टेबल वाचण्याचा सरसकट अधिकार देऊन मोकळे होतात. प्रोसिजर कंपाइल होते, गाडीही सुटते, परंतु त्या दिवसापासून चलन छापणाऱ्या खात्यास पगाराचे टेबलही वाचता येते.

अवैध होण्याची साखळी

प्रोसिजर कोणकोणत्या वस्तूंवर विसंबून आहे याची नोंद ओरॅकल स्वतः ठेवतो. ती 'युजर_डिपेंडन्सीज' या व्ह्यूमध्ये पाहता येते. टेबल बदलले की त्यावर विसंबणारे व्ह्यू, त्या व्ह्यूवर विसंबणाऱ्या प्रोसिजर आणि त्या प्रोसिजरना हाक मारणाऱ्या इतर प्रोसिजर अशी अवैधतेची खूण पसरत जाते. १० व्या आवृत्तीपर्यंत ही नोंद संपूर्ण टेबलाच्या पातळीवर होती. त्यामुळे कोणीही न वापरलेला एखादा कॉलम वाढविला तरी सर्व आश्रित अवैध होत. २००७ मध्ये आलेल्या ११ व्या आवृत्तीपासून ही नोंद कॉलमच्या पातळीवर होऊ लागली, आणि असंबद्ध बदलाचा उपद्रव बराच कमी झाला. तरीही कॉलमची नावे न देता भरणा करणारे इन्सर्ट विधान नवा कॉलम येताच 'मूल्ये पुरेशी नाहीत' अशी तक्रार करतेच. कॉलमची नावे लिहिण्याचा आळस अशा वेळी महाग पडतो.

अवैध म्हणजे नादुरुस्त असे नव्हे, हेही लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. अवैध प्रोसिजरला हाक मारली की ओरॅकल तिला प्रथम आपोआप पुन्हा कंपाइल करून पाहतो. मजकूर अजूनही बरोबर असेल तर ती निमूटपणे वैध होते व वापरणाऱ्यास काही कळतही नाही. म्हणून अवैध वस्तूंची यादी पाहून घाबरण्याऐवजी आधी सर्व वस्तू क्रमाने पुन्हा कंपाइल कराव्यात. यासाठी 'यूटीएल_रिकॉम्प' हे पॅकेज १० व्या आवृत्तीपासून उपलब्ध असून ते अवलंबित्वाचा क्रम स्वतः सांभाळते. त्यानंतरही ज्या अवैध राहतील त्याच खऱ्या रुग्ण होत. त्यांच्यातही पीएलएस-००९०५, म्हणजे 'अमुक वस्तू अवैध आहे', असा संदेश देणाऱ्या बाजूस ठेवाव्यात, कारण त्या दुसऱ्याच्या आजाराने अंथरुणास खिळलेल्या असतात. मूळ वस्तू सापडेपर्यंत साखळीने मागे जावे. प्रस्तुत उदाहरणात ही साखळी 'चलन_तयार'पाशी संपते, आणि तेथे ओआरए-००९०४ उभा असतो.

पाळी चालू असताना कंपाइल करणे शक्यतो टाळावे. प्रोसिजर कोणी वापरत असेल तर कंपायलेशन कुलपाची वाट पाहत थांबते, आणि तिच्यामागे नव्याने येणाऱ्या हाकाही थांबतात. पॅकेज असल्यास आणखी एक गोष्ट घडते. ज्यांच्या सत्रात त्या पॅकेजच्या चलांची मूल्ये होती, त्यांना पुढील हाकेस ओआरए-०४०६८, म्हणजे पॅकेजची पूर्वस्थिती टाकून दिली, असा संदेश मिळतो. दुसऱ्यांदा प्रयत्न केल्यास काम होते. 'एकदा एरर येतो, मग येत नाही' अशी जी तक्रार भांडारातून येते तिचे मूळ बहुधा येथे असते.

संदेश थांबला, चूक राहिली

आता मूळ त्रुटीकडे वळू. १५ व्या ओळीवर 'ईसीसी_क्रमांक' हे नाव सापडत नाही, कारण कॉलमचे नाव आता 'जीएसटीआयएन' आहे. प्रोसिजरमध्ये जेथे जेथे जुने नाव आहे तेथे नवे घालावे, हा उपाय दोन मिनिटांत होतो. प्रोसिजर कंपाइल होते आणि चलन छापून निघते. कंपायलरच्या दृष्टीने प्रश्न मिटला. परंतु खरा धोका येथूनच सुरू होतो.

ईसीसी क्रमांकाची रचना अशी होती : आरंभी १० चिन्हांचा पॅन, त्यानंतर दोन अक्षरे व तीन अंक. त्यामुळे 'चलन_तयार' मध्ये पॅन काढण्यासाठी क्रमांकाची पहिली १० चिन्हे घेतली जात. जीएसटीआयएनमध्ये पहिले दोन अंक राज्याचे आहेत, महाराष्ट्रासाठी २७. पॅन त्यानंतर, म्हणजे तिसऱ्या ते बाराव्या स्थानी येतो. पुढे एक नोंदणीचे चिन्ह, एक ठरीव अक्षर आणि शेवटी पडताळणीचे चिन्ह असते. जुन्या विधानाने पहिली १० चिन्हे घेतली, तर हाती येते ते राज्याचा क्रमांक आणि पॅनची पहिली आठ चिन्हे. लांबी बरोबर, प्रकार बरोबर, कंपायलेशन निर्दोष, आणि पॅन चुकीचा. कॉलमचे नाव बदलण्याचा निर्णय ज्या साम्यामुळे सोपा वाटला, त्या १५ चिन्हांच्या साम्यानेच ही चूक झाकली जाते. नव्या क्रमांकाची लांबी वेगळी असती तर निदान चालताना तरी काहीतरी अडले असते.

तीच गोष्ट मुदतीची. अंतिम तारीख काढणाऱ्या ओळीत चलनाच्या तारखेत १८० मिळविलेले असतात. ही ओळ कोणत्याही टेबलावर विसंबून नाही, म्हणून टेबलातील कोणत्याही बदलाने ती अवैध होणार नाही. वस्तू व सेवा कर लागू होऊन कितीही वर्षे लोटली तरी ती १८० दिवसांचीच मुदत छापत राहील, आणि ज्या जिग-फिक्श्चरना मुदतच नाही त्यांच्यासाठीही स्मरणपत्रे काढील. हीच मुदत 'मुदत' नावाच्या टेबलातून मालाच्या प्रकारानुसार वाचली असती, तर त्या टेबलाकडे कोणाचे तरी लक्ष गेले असते. आज्ञावलीत अंक कोरून ठेवू नयेत, हा नियम पाठ्यपुस्तकांत असतो. त्याचे कारण येथे दिसते.

प्रोसिजरमध्ये मजकूर जुळवून तयार केलेली क्वेरी असेल, म्हणजे 'एक्झिक्यूट इमीजिएट' चा वापर असेल, तर तीही कंपायलरच्या नजरेबाहेर राहते. त्या मजकुरात 'ईसीसी_क्रमांक' हे नाव दडलेले असल्यास कंपायलेशन यशस्वी होईल, आणि त्रुटी नेमकी चलन छापताना उमटेल. अवलंबित्वाच्या नोंदीतही तिचा माग लागत नाही. 'युजर_सोर्स' मध्ये जुन्या नावाचा शब्दशः शोध घेणे, एवढाच मार्ग उरतो.

म्हणून ओआरए-००९०४ हा संदेश अडचण म्हणून मिटविण्यापेक्षा सूचना म्हणून वाचणे श्रेयस्कर होय. या प्रोसिजरमध्ये त्या कॉलमविषयी काही समजूत गृहीत धरलेली आहे, एवढे तो सांगतो. नाव बदलण्यापूर्वी त्या कॉलमचा जेथे जेथे वापर आहे ती प्रत्येक ओळ वाचली, तर पॅनची ओळ दृष्टीस पडल्याशिवाय राहत नाही. खरे तर येथे नाव बदलणेच अयोग्य होते. अर्थ वेगळा असेल तर नवा कॉलम हवा. जुना कॉलम जुन्या चलनांसाठी तसाच ठेवावा. २०१७ पूर्वीची चलने पुन्हा छापावी लागल्यास त्यांवर ईसीसी क्रमांकच यावा लागतो.

इतर डेटाबेस प्रणाली

हाच कारखाना एसक्यूएल सर्व्हर वापरत असता तर शुक्रवारची सकाळ निराळ्या प्रकारे उजाडली असती. या प्रणालीत प्रोसिजर निर्माण करताना तिच्यात उल्लेखिलेले टेबल अस्तित्वात नसले तरी तक्रार होत नाही. नावाचा अर्थ लावणे चालविण्याच्या वेळेपर्यंत पुढे ढकलले जाते. टेबल आहे पण कॉलम नाही, अशा वेळी मात्र निर्मितीच्या वेळीच २०७ क्रमांकाची त्रुटी येते. कॉलमचे नाव नंतर बदलल्यास एक सावधगिरीची सूचना पडद्यावर उमटते, परंतु आश्रित प्रोसिजरवर अवैध अशी खूण लागत नाही. अवैध वस्तूंची यादी नाही, म्हणून सर्व काही ठीक आहे असा भास होतो, आणि पहिल्या चलनाच्या वेळी त्रुटी समोर येते. ओरॅकलमधून एसक्यूएल सर्व्हरकडे आलेल्या व्यक्तीस ही शांतता विशेष फसवते. 'एसपी_रिफ्रेशएसक्यूएलमॉड्यूल' ही प्रणालीतील प्रोसिजर प्रत्येक प्रोसिजरवर चालवून तपासणी मुद्दाम घडवून आणणे, हा त्यावरील उपाय आहे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पीएल/पीजीएसक्यूएल आज्ञावलीचा मजकूर जवळजवळ अक्षरमालेप्रमाणे साठविला जातो. निर्मितीच्या वेळी वाक्यरचना पाहिली जाते. टेबल व कॉलम यांची खातरजमा ते विधान प्रत्यक्ष चालण्याच्या वेळी होते. म्हणजे 'इफ' च्या क्वचितच चालणाऱ्या शाखेतील चूक कित्येक महिने झोपून राहू शकते. यासाठी 'पीएलपीजीएसक्यूएल_चेक' हे जोड-साधन उपलब्ध आहे. मायएसक्यूएलमध्ये २००५ च्या ५.० या आवृत्तीपासून प्रोसिजर आल्या. तेथील नवख्याची पहिली त्रुटी बहुधा १०६४ क्रमांकाची असते, आणि तिचे कारण प्रोसिजरमध्ये नसून तिच्या आतील अर्धविरामासच आज्ञेचा शेवट समजणाऱ्या साधनात असते. 'डिलिमिटर' बदलला की ती जाते.

बदलाच्या रात्रीची कार्यपद्धती

उपरोक्त विवेचनावरून गुरुवारच्या कामाचा क्रम ठरविता येतो. बदलापूर्वी अवैध वस्तूंची यादी काढून जपून ठेवावी. बहुतेक जुन्या डेटाबेसमध्ये वर्षानुवर्षे अवैध पडलेल्या काही प्रोसिजर असतातच, आणि आधीची यादी नसेल तर त्यांचा दोष नव्या बदलावर येतो. बदलानंतर सर्व वस्तू पुन्हा कंपाइल करून दुसरी यादी काढावी व दोहोंतील फरकावरच लक्ष केंद्रित करावे. प्रत्येक फाइलीनंतर 'शो एरर्स' लिहून पडद्यावरील सर्व मजकूर नोंदफाइलीत घ्यावा. बदललेल्या कॉलमच्या जुन्या नावाचा साठविलेल्या मजकुरात शोध घ्यावा.

यादीतील फरक शून्य झाला तरी घरी जाऊ नये. चाचणीच्या डेटाबेसवर किमान तीन चलने छापून हातात घेऊन वाचावीत. एक महाराष्ट्रातील नोंदणीकृत पुरवठादाराचे, ज्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो. दुसरे परराज्यातील, उदाहरणार्थ २९ ने सुरू होणाऱ्या कर्नाटकातील पुरवठादाराचे, कारण केवळ २७ गृहीत धरणारी एखादी ओळ तेथेच पकडली जाते. आणि तिसरे भोसरीतील एखाद्या अशा लहान लेथवाल्याचे, जो नोंदणीची मर्यादा गाठत नाही व ज्याच्या जीएसटीआयएनची जागा रिकामीच आहे. रिकाम्या क्रमांकातून पॅन काढू पाहणारी ओळ कंपायलरला कधीही खटकत नाही, आणि शुक्रवारी सकाळी फाटकावर पहिली गाडी बहुधा त्याचीच उभी असते.